शेवटचा पडदा कुठे पाडावा?

सातारा

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

शिंदे बंधूंवरील तुझ्या नाटकाची संहिता एका बैठकीत वाचून काढली. १७५५ साली नागौरला जयाप्पांचा दग्याने खून झाल्यावर दत्ताजी पोरक्या जनकोजीला पोटाशी धरतात, तो प्रवेश वाचताना माझा कंठ दाटून आला. शेवटाविषयी मात्र मला तुझ्याशी भांडायचे आहे.

१० जानेवारी १७६० रोजी बुराडी घाटावर घायाळ पडलेल्या दत्ताजींच्या ‘बचेंगे तो और भी लढेंगे’ या उद्गारावर तू पडदा पाडला आहेस. सांगलीसारख्या नाट्यपंढरीत त्या वाक्याला टाळ्या पडतील यात शंका नाही, पण मग ते नाटक एकट्या दत्ताजींचे होते. आमच्या कोरेगाव तालुक्यातल्या कण्हेरखेडच्या राणोजींचे मुलगे एकामागून एक रणात पडत गेले, तेव्हा मागे उरलेल्याने कसे जगावे, हा प्रश्न तुझ्या पहिल्याच अंकाने उभा केला आहे आणि त्याचे उत्तर बुराडीवर मिळत नाही.

उरले ते महादजी. पुढच्याच वर्षी पानिपतावर तुकोजी पडले, जनकोजी शत्रूच्या हाती सापडून मारले गेले, आणि पायावर वार झेलून निपचित पडलेल्या महादजींना बैलावर घालून दक्षिणेत आणले ते राणेखान नावाच्या एका भिश्त्याने. महादजी जन्मभर लंगडत चालले. पण त्या पखाल वाहणाऱ्या माणसाला त्यांनी भाऊ मानले, सरदारकी दिली आणि पुढे तो ‘राणेखान भाई’ म्हणूनच ओळखला गेला. भावांच्या नाटकाला याहून सच्चा शेवट कुठून आणणार?

महादजींनी १७७२ साली शाह आलमला दिल्लीत आणून तख्तावर बसवले तिथे संपव, असेही कोणी सुचवील. तो मोह टाळ; तख्त मिळाले म्हणून गेलेले भाऊ परत येत नाहीत.

दत्ताजींचे वाक्य दुसऱ्या अंकाच्या अखेरीस ठेव, आणि राणेखानाला पहिल्या अंकापासून छावणीत पाणी वाटत फिरू दे. अखेरच्या प्रवेशात महादजींना स्वगत देऊ नकोस. तापाच्या ग्लानीत ते दत्ताजींना हाक मारतात आणि ओ देतो राणेखान, एवढे पुरे. ही भूमिका मात्र कसलेल्या नटालाच दे, कारण तिला शब्द फार थोडे मिळतील. फेरलेखन झाले की कळव. तालमींना मी सांगलीस येईन.

तुझा,
मित्र