मस्कतची सहावी बैठक

नाटे, ता. राजापूर
२५ ऑक्टोबर २०२५

प्रिय बाळ्या,

तुझं पत्र भाऊबीजेच्या तोंडावर मिळालं. दिवाळीच्या शुभेच्छा दोन ओळींत उरकल्यास आणि मग पानंच्या पानं इराणवर तोंडसुख घेतलंस. इराणच्या अणुकार्यक्रमावरच्या वाटाघाटी म्हणजे नुसता वेळकाढूपणा, अमेरिकेने बॉम्ब टाकले तेच बरं झालं, असं तुझं म्हणणं. आपण दोघांनी इराणच्या खार्ग बेटावर क्रूड तेल भरलंय, बंदर अब्बासबाहेर नांगर टाकून ताटकळलोय, आणि तू असं लिहावंस? सविस्तर उत्तर देतो, वैतागू नकोस.

इराणने लपवाछपवी केली, यात तुझं खरं आहे. नतान्झचा युरेनियम समृद्ध करायचा कारखाना २००२ मध्ये बाहेरच्यांनी उजेडात आणला. कोमजवळचा, डोंगराच्या पोटातला फोर्दो २००९ मध्ये. अण्वस्त्र प्रसारबंदी करारावर सही केलेल्या देशाने हे करावं, मग संशय येणारच.

पण आपल्याकडे बांधावरून चुलतभावांचं बिनसलं की मोजणीचा अर्ज कोण करतं? गळ्यात गळा घालणारे नव्हेत. १४ जुलै २०१५ ला व्हिएन्नात अमेरिकेसह सहा देशांचा इराणशी झालेला करार ही तसलीच मोजणी होती. इराणकडे १९ हजारांच्या आसपास सेंट्रिफ्यूज, म्हणजे युरेनियम समृद्ध करणाऱ्या फिरत्या नळ्या, होत्या, त्या सुमारे ६ हजारांवर आणायच्या. युरेनियम ३.६७ टक्क्यांच्या वर समृद्ध करायचं नाही, म्हणजे त्यातल्या कामाच्या अणूंचं प्रमाण त्यापुढे न्यायचं नाही, साठा ३०० किलोंच्या आत ठेवायचा. अराकच्या अणुभट्टीचा गाभा काढून त्यात काँक्रीट ओतलं. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक आणि त्यांचे कॅमेरे आत बसले. इराण अटी पाळतोय, असे अहवाल ही संस्था वारंवार देत होती. तरीही ८ मे २०१८ ला ट्रम्प करारातून बाहेर पडले. त्यानंतर वर्षभर इराण मर्यादेत राहिला. मग मात्र एकेक अट मोडत गेला आणि एप्रिल २०२१ मध्ये ६० टक्क्यांवर पोचला.

६० आणि ९० मध्ये खूप अंतर आहे असं तू लिहिलंयस. अरे, तू इंजिनरूममधला माणूस, जरा गणित कर. खाणीतून निघालेल्या युरेनियममध्ये हजार अणूंत कामाचे फक्त ७, बाकी ९९३ भरताड. वाया जाणारं सोडून दे. विजेच्या भट्टीसाठी ४ टक्क्यांपर्यंत नेलंस की त्या ७ अणूंभोवती १६८ उरले. ६० टक्क्यांवर जेमतेम ५. बॉम्बसाठी साधारण ९० टक्के लागतं, म्हणजे एखादाच. मेहनतीचं बहुतेक काम आधीच झालेलं असतं. म्हणून ३.६७ ची वेस महत्त्वाची होती, आणि ती तिथे बसवायला दोन्हीकडून अणुशास्त्र जाणणारी माणसं बोलणीला होती. अमेरिकेचे तेव्हाचे ऊर्जामंत्री मोनिझ, इराणचे तेव्हाचे अणुऊर्जाप्रमुख सालेही. सालेहींची डॉक्टरेट एमआयटीची आणि मोनिझ तिथलेच प्राध्यापक! मला या सगळ्या प्रकरणात हाच भाग सर्वांत आवडतो.

पंधरा वर्षांनी साठ्यावरची आणि टक्क्यांवरची मर्यादा संपणार होती, हा तुझा आक्षेप रास्त आहे. पण ती पंधरा वर्षं हातात तरी होती.

आता ओमानची राजधानी मस्कत. २०१५ च्या कराराची पहिली गुपचूप बोलणी ओमाननेच घडवून आणली होती. यंदाही १२ एप्रिलला ट्रम्प यांचे दूत विटकॉफ आणि इराणचे परराष्ट्रमंत्री अराघची तिथेच गेले, मध्ये ओमानचे परराष्ट्रमंत्री. कधी मस्कत, कधी रोम, अशा पाच फेऱ्या झाल्या. घोडं अडलं एकाच ठिकाणी: इराणने स्वतःच्या भूमीवर समृद्धीकरण अजिबात करायचं नाही, असं अमेरिका म्हणू लागली, आणि इराणला ते मान्य नव्हतं. सहावी बैठक १५ जूनला मस्कतला ठरली होती. १३ जूनला इस्रायलने हल्ला केला. २२ जूनला अमेरिकेने फोर्दो, नतान्झ, इस्फहानवर बॉम्ब टाकले.

त्यातून काय साधलं ते सांग. हल्ल्याआधी ६० टक्क्यांचा साठा ४४०.९ किलो असल्याचा संस्थेचा अंदाज होता. आता तो नक्की कुठे, किती, हे संस्थेचे प्रमुख ग्रोसी यांच्या माणसांना पडताळता येत नाही. जुलैत इराणने संस्थेशी सहकार्य थांबवायचा कायदा केला. सप्टेंबरात युरोपच्या तिघांनी, म्हणजे ब्रिटन, फ्रान्स, जर्मनीने, संयुक्त राष्ट्रसंघाचे जुने निर्बंध परत लागू करवले. आणि गेल्या १८ तारखेला कराराला मान्यता देणाऱ्या राष्ट्रसंघाच्या मूळ ठरावाची दहा वर्षांची मुदत भरली, तेव्हा इराण म्हणतो, विषय संपला. म्हणजे मोजणीदार हाकलला गेला आणि वाद होता तिथेच आहे.

आपला देशही यात फार सोवळा नाही हो. आपण अण्वस्त्र प्रसारबंदी करारावर कधी सही केली नाही, १९७४ आणि १९९८ ला चाचण्या केल्या, तरी २००८ मध्ये अणुव्यापाराची सवलत मिळवली. त्याआधी २००५ ला व्हिएन्नात अणुऊर्जा संस्थेत इराणविरुद्ध मतही दिलं. त्या सवलतीमुळेच तर इथे खाडीपलीकडे माडबनला १६५० मेगावॉटच्या सहा फ्रेंच भट्ट्यांचा घाट घातला गेला. त्यावरून २०११ च्या आंदोलनात गावात काय झालं ते तुला ठाऊक आहे, पुन्हा लिहीत नाही. देशहिताचा विचार केला तर सवलत घेतली ते बरंच, असं मीही म्हणेन. फक्त इराणला नीतिपाठ देताना आवाज थोडा खाली असावा.

तुझ्या चिरंजीवांना आखातातल्या टँकरवर पाठवावं का, हे विचारलंयस. पाठव. कंपनीचा आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा सरकारी परवाना मात्र स्वतः तपास, आणि युद्धक्षेत्रात जादा भत्ता व जायला नकार द्यायचा हक्क करारपत्रात आहे का ते वाचून घे. २०१९ ला होर्मुझजवळ इराणने ब्रिटिश झेंड्याचा टँकर धरला, तेव्हा २३ पैकी १८ खलाशी भारतीय होते. एजंट तोंडी काय सांगतो त्यावर जाऊ नकोस.

वहिनींना नमस्कार सांग. उत्तर लिहिताना शिव्या कमी, मुद्दे जास्त लिही.

तुझा,
दिगू