आण्णा, एका माईकवर चौघं

प्रॉव्हिडन्स, ऱ्होड आयलंड
३० जुलै २०२५

ती. आण्णा आणि ती. सौ. आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

पाकीट बघून दचकू नका, सगळं ठीक आहे. रविवारी मी न्यूपोर्टच्या गाण्यांचा व्हिडिओ पाठवला तेव्हा तुम्ही म्हणालात, "डब्यात गोट्या घालून हलवल्यागत वाजतंय." बरोबरच आहे, फोनच्या माईकची कुवत ती किती! मग तोंडी सांगायला लागले तर मधेच आईनं 'जेवलीस का' विचारलं आणि विषय भातावर गेला. म्हटलं, लिहूनच काढावं. चष्मा लावून सावकाश वाचा.

आधी पाण्याचं. मी रोज सकाळी चहाबरोबर कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी फोनवर बघते. ३९ फुटांचा इशारा आला की शुक्रवार पेठेतलं आपलं माईक-स्पीकरचं गोदाम हलवायला घ्या, ४३ च्या धोक्याची वाट बघत बसू नका. २०१९ च्या पुराला तुम्ही 'एवढं कुठलं येतंय' म्हणत बसलात आणि वरच्या फळीवरचे अ‍ॅम्प्लिफायरसुद्धा चिखलातनं काढावे लागले. दाजींना गाडी घेऊन यायला सांगा, लाजू नका.

तर न्यूपोर्ट. इथून गाडीनं पाऊण तासावर समुद्राकाठचं गाव आहे. तिथं उन्हाळ्यात लोकगीतांचा मोठा उत्सव भरतो. १९५९ ला सुरू झालेला, मधे काही वर्षं बंद होता, पण आता असा चालतो की कोण गाणार हे जाहीर व्हायच्या आधीच तिकिटं संपतात. पाहुणा कोण ते माहीत नसताना लोक जेवायचं आमंत्रण घेतात, म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यावर किती विश्वास बघा. माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीकडं शनिवारचं एक जादा तिकीट होतं, म्हणून माझी वर्णी लागली.

उत्सव किल्ल्यात असतो म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं पन्हाळाच आला. पण हा डोंगरावरचा नाही, बंदराच्या तोंडाशी पाण्याला टेकून बसलेला. १८२४ ला बांधायला घेतला, म्हणजे आपल्या हिशेबानं परवाचा. पन्हाळ्याच्या तीन दरवाजाची सर नाही, हे आधीच सांगून टाकते. मोठं स्टेज किल्ल्याबाहेर हिरवळीवर, आणि दुसरं एक आत, तटाच्या मधल्या चौकात. दिवसाला दहा हजारांच्या आसपास माणूस. हे वाचून तुम्ही मनात स्पीकर मोजायला लागला असाल, मला माहीत आहे.

मी समजत होते, अकौस्टिक म्हणजे बिनमाईकचं. तसं नसतं. वाद्यं लाकडाची, तारांची, कातड्याची, ती स्वतःच्या पोटातनं बोलतात, एवढाच त्याचा अर्थ. दहा हजारांच्या कानांपर्यंत न्यायला माईक आणि स्पीकर लागतातच. पण गिटारच्या तारेवरनं बोट सरकताना जो चर्रर्र होतो ना, तो मला हिरवळीवर बसून ऐकू आला. गाणाऱ्या बाईनं ओळ सुरू करण्याआधी घेतलेला श्वास ऐकू आला. आणि तरी शेजारी बसलेल्या मैत्रिणीशी मला ओरडून बोलावं लागलं नाही. तुम्ही जन्मभर ज्यासाठी आवाजाच्या मिक्सरपाशी मान वाकडी करून बसलात, ते हेच की!

आम्ही सुरुवातीला लांब बसलो होतो, शंभरेक मीटरवर असू. गिटारवाल्याचा पाय फळीवर पडताना दिसायचा आणि थाप मागनं यायची. पंचगंगेच्या घाटावर पलीकडच्या काठाला कोणी धुणं आपटलं की कापड वर गेल्यावर आवाज येतो, तसं. लहानपणी मला वाटायचं, नदी आवाज अडवून धरते. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर पळतो, हे शाळेत पुढं कळलं. तुम्हाला ते शाळेशिवायच माहीत होतं, म्हणून तर मागचे कर्णे कुठं बांधायचे यावरनं मंडपवाल्याशी भांडण व्हायचं.

आणखी एक गंमत. खाडीत शंभरभर होड्या नांगर टाकून उभ्या होत्या. कोण होड्यांत, कोण डोंग्यांत पाय सोडून. सगळे फुकट ऐकणारे! मला वाटलं, एवढ्या लांब त्यांना काय कळत असेल? मैत्रीण म्हणाली, त्यांना झकास ऐकू जातं. घरी येऊन वाचलं तर कारण साधं आहे. जमीन तापली की तिच्यालगतची हवा गरम होते आणि आवाज वरच्या गार हवेकडं वाकून डोक्यावरनं निघून जातो. पाण्यावर उलट, खालची हवा गार आणि वरची गरम, त्यामुळं आवाज खालीच वाकतो आणि लांब पळतो. सूर्य बुडाल्यावर जमिनीवरही तेच. तुम्ही दुपारच्या कार्यक्रमाला कर्ण्यांची तोंडं खाली करायचा आणि रात्री म्हणायचा, "आता निम्म्यावर ठेव, हवा आपल्या बाजूनं आहे." मी तेव्हा हसत होते. हवा कुणाच्या बाजूनं असते काय, म्हणून.

सगळंच भारी होतं असं नाही. दुपारी एक पोरगा गिटार घेऊन आला, चार गाणी, चारही एकाच चालीची, सगळी तिला आठवून रडायची. लोक टाळ्या देत होते. मी सरबत आणायला गेले. एका लिंबू सरबताला जे मोजले त्यात आपल्या घरादाराची मिसळ झाली असती. आई, टोपी विसरले होते, मानेचं सालटं निघालंय. कोरफड लावली, लगेच फोन करू नकोस.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी पत्र लिहायला घेतलं. चारच्या सुमाराला आम्ही आतल्या चौकात गेलो. पुढं जागा मिळाली, स्टेजपासून दहा-बारा पावलांवर. स्टेजवर काही नाही. वायरींचा गुंता नाही, प्रत्येकापुढं स्टँड नाही. मधोमध एकच माईक, छातीच्या उंचीला, वर फोमची जाड टोपी, वाऱ्यासाठी. जोतिबाच्या डोंगरावर तुम्ही आईच्या जुन्या साडीचा तुकडा माईकला गुंडाळायचा त्याची आठवण आली.

चौघं आली. एक बाई फिडल घेऊन. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच, पण वाजवायची तऱ्हा जत्रेतली. एक पोरगी गिटारवाली, तीच गाणार. एक म्हातारा बँजो घेऊन. हा आपल्या वरातीतला बेंजो नव्हे. डफाला लांब मान लावून तारा ताणल्यागत दिसतो आणि वाजतो टणटणीत. चौथा उभा बेस घेऊन, कपाटाएवढं धूड. चौघंही त्या एका माईकभोवती, दिवाळीत फुलबाजीभोवती पोरं जमतात तशी.

आणि वाजवायला लागले. आण्णा, तुम्ही पाहिजे होता. पोरगी गायची तेव्हा तोंड माईकपाशी, बाकीचे अर्धं पाऊल मागं. कडवं संपायच्या शेवटच्या शब्दाला ती डावीकडं सरकायची आणि तेवढ्या फटीतनं म्हातारा खांदा तिरका करून आत शिरायचा, बँजोचं तोंड माईकच्या वीतभर समोर. वाजवून झालं की मागच्या मागं दोन पावलं. तोवर फिडलवाली दुसऱ्या बाजूनं आलेली, गजाचं टोक कुणाच्या डोळ्यात जाणार नाही एवढं हातभर अंतर राखून. तिघांनी मिळून म्हणायची ओळ आली की तीन डोकी एकमेकांना टेकायची. ज्याचा आवाज मोठा तो जरा लांब. बेसवाला तेवढा जागचा हलला नाही. त्याचा आवाज कुठूनही पोचतो, त्याला काय! आवाज कमी-जास्त करायचं काम चौघांचे पाय करत होते. मिक्सरवरचा माणूस हाताची घडी घालून उभा होता, मी मुद्दाम वळून बघितलं.

मला एकदम गल्लीतला सप्ताह आठवला. तुमच्याकडं तेव्हा चालणारा माईक एकच होता. तुम्ही सतरंजी उचलून फरशीवर खडूनं गोल काढायचा, एक विणेकऱ्याचा, एक पखवाजाचा, आणि टाळकऱ्यांपुढं आडवी रेघ. "रेघ ओलांडली की अभंग बुडाला," म्हणून प्रत्येकाला दम द्यायचा. खडू माझ्या दप्तरातला असायचा. बाईंनी एकदा विचारलं, तुझेच खडू कसे संपतात, तर मी सांगितलं, आमचे आण्णा भजनाला लावतात.

मधेच बँजोचा सूर उतरला, उन्हानं. म्हातारा थांबला आणि एक-एक खुंटी पिळत बसला. मिनिटभर तरी गेलं असेल. एवढी माणसं, पण मागनं शिट्टी नाही, की 'चला पुढं' नाही. तटावरच्या पक्ष्यांचा कालवा तेवढा. फिडलवालीनं स्वतःच काहीतरी टोमणा मारला, लोक हसले, तोवर सूर लागला.

ते गेल्यावर मी स्टेजपाशी जाऊन वाकून बघितलं. फळ्यांवर रंगीत चिकटपट्टीचे छोटे तुकडे होते, चार. मैत्रीण विचारायला लागली, काय हरवलं? काय सांगणार तिला!

याच उत्सवातली एक जुनी गोष्ट सांगते, तेव्हा जागा दुसरी होती. १९६५ च्या जुलैत बॉब डिलन नावाचा गायक, तोवर साधी गिटार घेऊन गाणारा, तो विजेची गिटार आणि मागं बँड घेऊन उभा राहिला. काही लोकांनी हुर्यो केली. का केली यावर अजून वाद चालतो. कोण म्हणतं, परंपरा मोडली म्हणून; कोण म्हणतं, आवाजच वाईट होता म्हणून. पीट सीगर म्हणून तिथले बुजुर्ग होते, ते भयंकर चिडले होते. त्यांनी पुढं सांगितलं की राग विजेच्या गिटारचा नव्हता, आवाज इतका फाटत होता की शब्द कळेनात, त्याचा होता.

हे वाचलं आणि मी खुर्चीत गप्प बसले. आठवतं ना, मी कॉलेजात असताना आपलं डॉल्बीवरनं वाजलं होतं ते? सगळे कर्ज काढून भिंतीएवढे स्पीकर घ्यायला लागले होते, आणि मी तुमच्या मागं लागले होते की आपणही घेऊया, नाहीतर गणपतीत कोण विचारणार आपल्याला. तुम्ही म्हणालात, "ऐकू यावं एवढाच आपला धंदा. छातीत बसवून पाहिजे असेल तर त्यांनी दुसरा माणूस बघावा." मी दोन दिवस बोलले नाही तुमच्याशी. पुढं धंदा बसला तो बसलाच, हे काही मी गोड करून सांगणार नाही. फी भरायला आईच्या पाटल्या गेल्या, तेही विसरले नाही. पण शनिवारी त्या चौकात बसल्यावर असं वाटलं, की त्या भांडणात मी ज्या बाजूला होते ती बाजू मला आता आवडत नाही.

येत्या ८ ऑगस्टला केशवराव भोसले नाट्यगृह जळाल्याला वर्ष होईल. तुम्ही मला तिथं मागच्या रांगेत बसवून स्टेजवरनं साध्या आवाजात माझं नाव घेतलं होतंत, आणि ते मला कानाशी बोलल्यागत ऐकू आलं होतं. १९१५ चं बांधकाम, तेव्हा कुठला माईक! नटाचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत गेलाच पाहिजे असं धरूनच बांधलेलं. काम कुठवर आलंय ते लिहा. आत गेलात तर टाळी वाजवून बघा, पूर्वीसारखं येतं का.

इथं मराठी मंडळात मी बोलता बोलता 'आलो, गेलो' म्हणते तर पुण्याकडच्या बायका गालात हसतात. हसू देत. पत्रात लिहिताना 'गेले' लिहिते, तोंडात मात्र 'गेलो'च येतं.

ताई म्हणत होती, गोदाम आवरायला काढलंय आणि भंगारवाला येऊन वजन करून गेलाय. कर्णे द्यायचे तर द्या, दोन ठेवा. पण तो जाळीचा जड माईक, दांड्याला लाल चिकटपट्टी गुंडाळलेला, तो द्यायचा नाही. आतलं सगळं गेलं असलं तरी नाही. डिसेंबरात तीन आठवडे येतेय. तोवर पखवाजवाले काका, विणेकरी आणि दोन टाळकरी कोण कुठं आहेत त्याचा तपास लावून ठेवा. खडू मी आणते.

तुमची,
सुमन

ता. क. आई, जेवले. आमटी-भात.