मनू, ट्यूबचा फोटो पाठव

मनू,

काल फोन आपटलास म्हणून लिहितेय. म्हणे "आई तू चित्र बघतच नाहीस, नुसतं विष बघतेस". बघितलं गं, तू वेलाझ्केझच्या चित्राची केलेली नक्कल झूम करकरून बघितली. हुआन द पारेहाचं ते मान वळवून थेट आपल्याकडे बघणं, ते आलंय तुला. कॉलर मात्र जास्तच कोरलीस. मूळ चित्रात त्या स्पॅनिश वेलाझ्केझने 1650 मध्ये रोमला ती लेस अशी सपासप टाकलीय की जवळून नुसते पांढरे फटकारे दिसतात आणि लांबून लेस, तू एकेक भोक काढत बसलीस. बाबाही तेच म्हणाले, आता त्यांना चित्रातलं किती कळतं ते सोड.

पण तो पांढरा रंग गं. लेड व्हाइट म्हणजे शिसंच ना शेवटी? टायटॅनियमचा पांढरा गार दिसतो, चेहऱ्याला ऊब लेडनेच येते, जुने सगळे तोच वापरायचे, पटलं मला. पण तू ओठांनी ब्रशला टोक काढतेस, चौथीपासून! निळी जीभ घेऊन शाळेत गेलेलीस, बाई घाबरलेल्या आणि आपण घरी हसलो होतो. ते वॉटरकलर होते. शिसं अंगात साठत जातं, लगेच काही दिसत नाही म्हणून माणूस गाफील राहतो. आणि वाळलेला थर कोरडा घासू नकोस, ती धूळ सगळ्यात वाईट. लिनसीडच्या, म्हणजे जवसाच्या तेलाच्या, चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात फेकू नकोस, तेल वाळताना तापतं आणि चिंध्या आपोआप पेटतात, पत्र्याच्या डब्यात पाणी घालून झाकण लाव.

झालं परत लेक्चर, सॉरी.

खरं सांगू, पारेहा वेलाझ्केझचा गुलाम होता, त्याच वर्षी त्याच्या सुटकेचा कागद झाला तोही अजून चार वर्षं चाकरीची अट घालून, पुढे तो स्वतः चित्रकार झाला. तरी त्या चित्रात नजर कुठे खाली नाही. तुझ्यातही नाही. मामाच्या त्या प्रकारानंतर तू कित्येक महिने कुणाकडे धड बघायची नाहीस, आणि आता हा चेहरा निवडलास, मला भरूनच आलं, फोनवर ते बोलायचं राहिलं आणि शिशावर घसरले.

डावा डोळा किंचित वर गेलाय, आरशात धरून बघ. आणि ट्यूबवर काय लिहिलंय त्याचा फोटो पाठव. आजच. हातात ब्रश असताना दुसरा हात तोंडावर ठेव हवं तर... असो. फोन उचल.

आई