कान्हेरीच्या टाक्यांकडेही लक्ष द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी मुंबई महापालिकेच्या जल खात्यातून चावीवाला म्हणून निवृत्त झालो. रस्त्यातलं लोखंडी झाकण उघडून, आत लांब चावी घालून व्हॉल्व्ह फिरवणारा माणूस वाचकांनी पाहिला असेल. तेच माझं काम. राहायला बोरिवलीच्या मागाठाण्यात. आमच्या गच्चीवरून राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर दिसतो आणि त्यात कान्हेरीची लेणी आहेत हे शाळेत असल्यापासून ठाऊक. पण जाणं काही होईना. पहाटेची पाळी, मुलांच्या परीक्षा, गावच्या घराचं काम, आणि ‘जवळच तर आहे, कधीही जाऊ’ हे पालुपद. शेवटी गेल्या नाताळच्या सुट्टीत सातवीतल्या नातीने हट्ट धरला आणि एका मंगळवारी आम्ही आजोबा-नात निघालो. पत्रास कारण की, तिथे जे पाहिलं त्याबद्दल मुंबईकरांशी बोलावंसं वाटतं.

गेटपासून बसने वर गेलं की पायऱ्या चढून पहिली गर्दी लागते ती क्रमांक ३ च्या चैत्यगृहापाशी, म्हणजे आत स्तूप असलेल्या प्रार्थनेच्या लेण्यापाशी. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळात, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, गजसेन आणि गजमित्र या दोन व्यापारी भावांनी ते कोरायला घेतलं. व्हरांड्यात दोन टोकांना बुद्धाच्या दोन उंच मूर्ती समोरासमोर उभ्या आहेत. आत काही खांब नीट घडवून पुरे केलेले, काही नुसते साधे सोडलेले. फोटो इथेच निघतात आणि बरेचसे लोक इथूनच परत फिरतात. आम्ही पुढे गेलो म्हणून खरी कान्हेरी दिसली.

या डोंगरात शंभरहून जास्त लेणी आहेत. साधारण इसवी सनपूर्व पहिल्या शतकापासून हजारेक वर्षं इथे वस्ती होती. भिक्षू राहत, शिकत, शिकवत. आता विचार करा, एवढी माणसं डोंगरावर बारा महिने राहायची तर पाणी कुठलं? चार महिने कोसळणारा पाऊस आणि मग आठ महिने कोरडं आभाळ. जन्मभर लोकांना पाणी सोडलेल्या माणसाच्या मनात दुसरा प्रश्न येणारच नाही.

उत्तर जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या दारात आहे. पायऱ्या चढून व्हरांड्यात शिरण्याआधी बाजूला खडकात चौकोनी तोंड दिसतं. आत वाकून पाहिलं तर खाली टाकं. डिसेंबर संपत आला होता, तरी कितीतरी टाक्यांत पाणी होतं. एका लेण्याशी मी बराच वेळ बसलो. कपाळपट्टीच्या वर खडक बाहेर काढलेला, म्हणजे पागोळ्या दारात न पडता पुढे पडाव्यात. त्याच्याही वर कातळात चार बोटं रुंदीची पन्हळ कोरलेली. ती आडवी येते, कडेला वळते आणि टाक्याच्या तोंडाशी उतरते. मी बाटलीतलं पाणी पन्हळीच्या वरच्या टोकाला ओतलं. कुठेही न तुंबता, न पसरता ते वळणावरून घसरत टाक्यात पडलं. एवढ्या शतकांचे पावसाळे त्यावरून गेले, तरी उतार शाबूत. हातात छिन्नी-हातोडा, मोजायला बहुधा दोरी आणि पाणीच, आणि कातळात चूक झाली तर बुजवायची सोय नाही. आम्ही पाइपलाइन टाकताना उताराचं माप घ्यायला यंत्रं वापरत होतो. त्या अनामिक पाथरवटांना मी तिथल्या तिथे हात जोडले.

नातीने विचारलं, “आबा, याचा व्हॉल्व्ह कुठंय?” मी तिला वैतरणेची गोष्ट सांगितली. आपल्या नळाला येणारं पाणी नाशिक आणि ठाणे जिल्ह्यांतून, शंभर किलोमीटर लांबून येतं. तानसा-वैतरणेचं पाणी पंपाने नव्हे, उतारानेच मुंबईकडे वाहतं. कान्हेरीतल्या पन्हळीचा आणि आपल्या मोठ्या जलवाहिन्यांचा नियम एकच. फरक असा की मुंबईला रोज साधारण ३,९०० दशलक्ष लिटर पाणी पुरवलं जातं, आणि कान्हेरीच्या भिक्षूंनी आपल्या डोंगरावर पडलेल्या पावसावर वर्ष काढलं. याच उद्यानातले विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे तलाव आपल्या पुस्तकांत येतात. त्यांच्या शेजारची ही टाकी येत नाहीत.

टाकी कुणी खोदवून दिली हेही लिहून ठेवलेलं आहे. ब्राह्मी लेखांत कल्याण, सोपारा, चेऊल, नाशिक इथल्या दात्यांची नावं आहेत. कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनाराने पाण्याचं टाकं दिलं. कल्याणच्याच एका लोहाराने वाट बांधून दिली. एका लेखात आमच्या मागाठाण्यातलं शेत भिक्षूसंघाला दिल्याची नोंद आहे. हे घरी येऊन वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. म्हणजे माझ्या वस्तीचं नाव दीड-दोन हजार वर्षांपूर्वी त्या कातळावर गेलं आहे.

आता कळकळीचं सांगतो. आम्ही जिथे जिथे थांबलो तिथे टाक्यांविषयी एक ओळही लिहिलेली दिसली नाही. जिथे फलक होते तिथे मूर्ती आणि शतकं होती. ११ क्रमांकाच्या दरबार लेण्यातले लांबच लांब दगडी बाक, ४१ मधला अकरा तोंडांचा अवलोकितेश्वर, ९० मधले १००९ आणि १०२१ साली आलेल्या पारशी पाहुण्यांचे पहलवी, म्हणजे जुन्या इराणी भाषेतले, लेख, हे सगळं पाहण्यासारखंच आहे. पण टाक्याच्या काठावर उभं राहून पोरं आत वेफर्सची पाकिटं टाकत होती, कारण त्यांच्या लेखी तो खड्डा होता. त्यांना कुणी सांगितलंच नाही की हे पिण्याचं पाणी होतं आणि त्यासाठी एका सोनाराने आपली कमाई दिली होती. एका टाक्यात मी सात-आठ प्लास्टिकच्या बाटल्या तरंगताना पाहिल्या. जल खात्यात असताना उघड्या टाकीवर जाळी नसली की आम्ही नोटीस काढायचो. इथे निदान मोठ्या टाक्यांच्या तोंडावर, खडकाला भोक न पाडता, नुसती टेकवून ठेवता येईल अशी जाळी बसवणं अवघड नाही.

माझ्या मागण्या फार नाहीत. टाक्यांजवळ मराठीत फलक लावावेत: पाणी कुठून येतं, कुठे साठतं, आणि लेख असेल तर कुणी दिलं त्याचं नाव. पावसाळ्याआधी एकदा पन्हळी आणि टाक्यांतला गाळ-कचरा तज्ज्ञांच्या देखरेखीखाली काढावा. आणि शाळांच्या सहली चैत्यगृहापाशी फोटो काढून परत नेऊ नयेत. एखादा शिक्षक नुसती एक बाटली पाणी घेऊन वर गेला आणि पन्हळीत ओतली, तरी भूगोलाचे आणि विज्ञानाचे दोन-तीन तास तिथे होतील.

पालिकेच्या कोणत्याही शाळेने बोलावलं तर टाकी दाखवायला मी स्वतः सोबत येईन. गुडघे अजून साथ देतात. सोमवारी लेणी बंद असतात, तो वार सोडून कधीही सांगा. शक्यतो पावसाळ्यात या, तेव्हा पन्हळी वाहत्या दिसतात.

आपला,
एक निवृत्त चावीवाला
मागाठाणे, बोरिवली (पूर्व)