कलमं, मेपल आणि तुझा फेब्रुवारी

रत्नागिरी, 20 फेब्रुवारी

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर 'बाबा, इथे अजून सगळं राखाडीच आहे' म्हणालीस आणि लगेच विषय बदललास. आईच्याही ते लक्षात आलं. टोरांटोतला फेब्रुवारी मी काढलेला नाही, तेव्हा धीर धर वगैरे सांगत नाही. फक्त हिशेब मांडतो. डिसेंबरात तुझ्याकडे जेमतेम नऊ तासांचा दिवस होता. आता पावणेअकरा तासांचा झालाय आणि रोज जवळपास तीन मिनिटांनी वाढतोय. आपल्याकडचा सर्वांत लहान दिवसही अकरा तासांचा असतो. त्या उजेडात वाढलेलं शरीर तिथे कुरकुरणारच.

इथे वरच्या बागेत आंब्याला कणी धरली आहे, काही कलमांवर फळ वाटाण्याएवढं झालंय. थंडी पडली म्हणून मोहर आला; नाहीतर कलमं नुसती पालवी काढून मोकळी होतात. पण आता ती लांबली तर पुनर्मोहर फुटेल आणि धरलेली फळं गळतील. म्हणजे थंडी चांगलीच असते असं काही मी म्हणणार नाही. तिचंही प्रमाण असतं.

तुमच्या मेपलबद्दल मात्र वाचून चकित झालो. रात्री पारा शून्याखाली आणि दिवसा शून्याच्या वर, असं झालं तरच खोडात दाब तयार होतो आणि पाडलेल्या भोकातून रस ठिबकायला लागतो. साधारण 40 लिटर रस आटवावा तेव्हा 1 लिटर पाक. आणि हे सगळं पानं फुटायच्या आधी! कळ्या फुगल्या की रसाची चव बिघडते, हंगाम आटोपतो. म्हणजे तुला खराटे दिसतात ती झाडं आता कामाला लागायच्या बेतात आहेत.

मार्चमध्ये एखाद्या रविवारी मैत्रिणींना घेऊन असा मेपलचा मळा बघून ये. आणि झोप, जेवण बिघडलं असेल तर आधी युनिव्हर्सिटीतल्या डॉक्टरांना गाठ. उगाच अंगावर काढू नकोस.

मळ्यावर कच्चा रस चाखायला मिळाला तर चव कळव. आई म्हणते नीरेसारखा लागत असेल. मला नाही वाटत.

तुझे,
बाबा

ता. क. तुडतुडा दिसतोय, उद्या सकाळी फवारणी आहे. फोन दुपारनंतर कर.