दगड आवळू नका, मोकळा बसवा

संपादक महोदय,

गृहसजावटीच्या पानांवर हल्ली सागवानी टेबलाच्या मधोमध कडप्पा किंवा संगमरवर बसवलेला हमखास दिसतो. काम देखणे, पण अनेकदा पहिल्याच उन्हाळ्यात खाचेच्या कोपऱ्यातून चीर निघते आणि 'लाकूड कच्चं होतं' म्हणून मिस्त्री मोकळा होतो. लाकूड बऱ्याचदा चांगलेच असते. दगड ठोकून बसवलेला असतो.

पावसाळ्यात लाकूड फुगून दगडाला दाबते, असा सार्वत्रिक समज आहे. अखंड फळीत नेमके उलटे घडते. फळी फुगली की तिच्यातली खाचही रुंदावते आणि फट दिसू लागते. उन्हाळ्यात फळीबरोबर खाच आटते, मधला दगड तसूभर हलत नाही, मग फळीच फाटते. हा खेळ रेषेच्या, म्हणजे लाकडाच्या तंतूंच्या, आडव्या दिशेने चालतो. लांबीत लाकूड जवळजवळ हलत नाही. सागवान त्यातल्या त्यात शांत, तरी लाकडातला ओलावा ६ टक्क्यांनी उतरला की ३०० मिमी रुंदीमागे सुमारे ३ मिमी आटू शकतात.

म्हणून टेबल कोणत्या महिन्यात बनते आहे, हे आधी पाहावे. भर पावसाळ्यात खाच मारली तर रेषेच्या आडव्या दोन्ही बाजूंना २-२ मिमी मोकळी जागा हवी. एप्रिल-मेमध्ये १ मिमीही पुरते, कारण पुढे ती वाढणारच आहे. लांबीच्या टोकांना बाराही महिने १ मिमी. ही फट पांढऱ्या सिमेंटने किंवा इपॉक्सीने भरली की केले-सवरले वाया.

२५ मिमी फळीत १८ मिमीची खाच मारली तर खाली ७ मिमी उरतात, तेही वाकतात. त्यापेक्षा आरपार कापून खालून १२ मिमी वॉटरप्रूफ प्लाय लावावा. प्लाय हलत नाही, फळी हलते; म्हणून मधल्या ओळीचे स्क्रू घट्ट आणि कडेच्या स्क्रूंची भोके रेषेच्या आडवी लांबट, वॉशरसह. दगड चिकटवायचा तो प्लायला, लाकडाच्या कडांना नव्हे. ३०० मिमी चौरस, १८ मिमी जाड ग्रॅनाइट साडेचार किलोच्या आसपास भरतो. तो स्वतःच्या वजनानेच बसतो. सिलिकॉनचे (रबरासारखा लवचीक राहणारा चिकट मसाला) रुपयाच्या नाण्याएवढे पाच ठिपके पुरेत. खाली सलग थर दिला तर हवेअभावी मधला भाग कित्येक दिवस ओलाच राहतो. कडप्प्याची पाठ खडबडीत असते; पातळी ठिपक्यांच्या जाडीत जुळवावी, पटाशीने प्लाय खरवडू नये.

सिलिकॉन न्यूट्रल घ्यावे. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन आम्ल सोडते; संगमरवर आणि कडप्पा दोन्ही चुनखडीच्या जातीचे, त्यांना ते खाते. संगमरवराला 'नैसर्गिक दगडासाठी' असे लिहिलेलेच आणावे, नाहीतर तेलकट अंश झिरपून कडा काळवंडतात. लाकडाला लावलेल्या जवसाच्या तेलाचेही तेच. लाकडाचे पॉलिश, खाचेच्या आतल्या कडांसह, दगड बसवण्याआधी करून पूर्ण वाळू द्यावे.

जेवणाच्या टेबलात खरकटे अडकू नये म्हणून फट भरायचीच असेल, तर अखंड फळीचा नाद सोडून चौकट करावी. चौकटीची ८० मिमी रुंद पट्टी जेमतेम मिलिमीटरभर हलते, तेवढे सिलिकॉन सोसते.

आणि प्लायला मध्यभागी २० मिमीचे एक भोक ठेवावे. पुढे दगड बदलायचा झाला तर खालून पातळ पाते घालून ठिपके कापता येतात आणि बोटाने दगड वर ढकलता येतो. वरून पटाशी घालून उचकटला की टवका उडालाच म्हणून समजा.

आपला,
सुतारकामातला एक वाचक, नाशिक