पाखाड्या उखडू नका

रत्नागिरी शहरालगतच्या डोंगरउतारावरील वाड्यांमध्ये पाखाड्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांच्या वाटा, उखडून काँक्रीटचे रस्ते करण्याचा प्रस्ताव असल्याची बातमी वाचली. या प्रस्तावाला माझा ठाम विरोध आहे.

१९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, शहर सड्याकडे, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळपठाराकडे, सरकले आणि कलमांच्या बागांत इमारती उभ्या राहिल्या. तरी जुन्या वाड्या अजून पाखाडीनेच जोडलेल्या आहेत. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी याच पायऱ्यांवरून घरोघर चढते आणि ती खांद्यावर घ्यायला मुंबईचे चाकरमानी रजा काढून येतात.

पण मुख्य प्रश्न पाण्याचा आहे. येथे वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तरीही मे महिन्यात कित्येक विहिरी तळ गाठतात, कारण उतारावरचे पाणी थेट खाडीला मिळते. जांभ्याची पाखाडी ते थोडे तरी थोपवते. चिरा सच्छिद्र, सांधे मातीचे. पायरीपायरीवर पाण्याचा वेग मोडतो, मुरून उरलेले पाणी गडग्याकडेच्या (दगडी कुंपणाकडेच्या) चरातून पऱ्ह्यात (ओढ्यात) जाते. काँक्रीटवरून तेच पाणी लोंढ्याने खालच्या वाडीच्या अंगणात शिरेल.

आजारी माणसाला खुर्चीत बसवून खाली आणावे लागते, ही अडचण खरी आहे आणि ती सुटलीच पाहिजे. त्यासाठी जिथे शक्य आहे तिथे सड्याच्या बाजूने वाहनरस्ता काढावा, पाखाड्यांचे निखळलेले चिरे नव्याने बसवावेत. निविदा काढण्यापूर्वी हा विषय ग्रामसभेपुढे ठेवावा, ही विनंती.

– एक रहिवासी, रत्नागिरी